कोपऱ्यांतला काळोख: आधी भागाकार, मग वजाबाकी

कृत्तिकांचे चाळीस फोटो स्टॅक केले (एकावर एक रचून एक फोटो केला), अंधूक तपशील दिसावेत म्हणून हिस्टोग्राम ताणला, म्हणजे स्ट्रेच केला, आणि मधोमध राखाडी उजेडाचा गोळा, चारी कोपरे काळे असं चित्र समोर आलं, की नवशिक्याला वाटतं कॅमेरा बिघडला, नाहीतर दुर्बीण स्वस्तातली पडली. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. याला व्हिनेटिंग म्हणतात. सेन्सरच्या मध्यावर आरशाचा किंवा भिंगाचा सगळा प्रकाश पोचतो. कोपऱ्याकडे निघालेला प्रकाश मात्र वाटेतल्या एखाद्या कड्याला, नळीला किंवा छोट्या आरशाला घासतो आणि त्यातला काही तिथेच कापला जातो. आयपीसमधून डोळ्याने बघताना हा फरक कळत नाही. फोटो स्ट्रेच करताना आपण दहा-वीस टक्क्यांचा फरक ताणून काळा आणि पांढरा करतो, म्हणून तिथे तो उठून दिसतो.

पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोत तो जास्तच दिसतो, कारण तिथलं आकाशच उजळ, आणि उजळ पार्श्वभूमीचे 20 टक्के म्हणजे मोठा आकडा. हीच दुर्बीण आणि हाच कॅमेरा पेंचला नेला (2024 च्या जानेवारीत हा व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला), तर कोपरे बरेच सुधारल्यासारखे वाटतील. व्हिनेटिंग तेवढंच असतं, फक्त कमी-जास्त व्हायला पार्श्वभूमीच कमी उरलेली असते.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. व्हिनेटिंग गुणाकाराने येतं. कोपऱ्यात 70 टक्केच प्रकाश पोचत असेल, तर तिथला तारा, तेजोमेघ आणि आकाशाची पार्श्वभूमी, सगळंच 0.7 ने गुणलं जातं. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड बेरजेने येतो. तो ताऱ्याच्या प्रकाशात वरून मिसळतो. म्हणून व्हिनेटिंग काढायला भागाकार लागतो आणि दिव्यांचा उजेड काढायला वजाबाकी. हा क्रम उलटा केला, किंवा दोन्ही कामं सॉफ्टवेअरमधल्या एकाच 'बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन'च्या (पार्श्वभूमीचा उजेड काढण्याच्या) बटणावर सोपवली, की पार्श्वभूमी सपाट दिसते पण कोपऱ्यातले तारे आणि अंधूक ढग मंदच राहतात.

उदाहरणादाखल आपल्याकडे बऱ्याच जणांकडे असते ती जोडणी घेऊ: 150 मिमी आरसा, 750 मिमी फोकल लेंथ, म्हणजे एफ/5 ची (750 भागिले 150) न्यूटोनियन (मुख्य आरसा आणि प्रकाश बाजूला वळवणारा छोटा दुय्यम आरसा असलेली दुर्बीण), पुढे कोमा करेक्टर (कडेचे ताणलेले तारे सुधारणारं भिंग), टी-रिंग (कॅमेरा जोडायची रिंग) आणि कॅननचा एपीएस-सी डीएसएलआर. त्याचा सेन्सर 22.3 × 14.9 मिमी, कर्ण 26.8 मिमी.

प्रकाश कुठे कापला जातोय

आधी काळोखाचा आकार बघा. मध्यापासून चहूकडे हळूहळू उतरत जाणारा काळसरपणा असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. तो जवळपास प्रत्येक दुर्बिणीत असतो. काळ्या भागाची कड स्पष्ट, वर्तुळाकार असेल, तर अडथळा सेन्सरच्या जवळ आहे: बहुधा सव्वा इंची फिल्टर किंवा सव्वा इंची नोजपीस (कॅमेरा फोकसरमध्ये खोचायची नळी). अडथळा सेन्सरपासून जितका लांब, तितकी त्याची सावली पसरट. म्हणून न्यूटोनियनचा दुय्यम आरसा कधीच धारदार कड पाडत नाही, आणि फिल्टरची रिंग पाडते.

फ्रेमच्या लांब बाजूला सरळ रेषेतला काळा पट्टा दिसला तर तो डीएसएलआरच्या आतल्या आरशाच्या पेटीचा. एफ/5 आणि त्याहून वेगवान दुर्बिणींत हा प्रकार दिसतो. त्यावर बाहेरून इलाज नाही. फ्लॅटने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने भागून; पद्धत खाली आहे) जेवढं जाईल तेवढं घालवायचं आणि बाकी क्रॉप करायचं. उजेडाचा गोळाच फ्रेमच्या मध्यावरून एका बाजूला सरकलेला असेल तर दुय्यम आरसा फोकसरच्या बरोबर खाली बसलेला नाही, किंवा फोकसर तिरका आहे, किंवा कॅमेऱ्याच्या वजनाने ड्रॉट्यूब (फोकसरची आत-बाहेर सरकणारी नळी) लवते आहे.

शंका उरली तर रोहिणीसारखा ठळक तारा घ्या आणि फोकस इतका बिघडवा की ताऱ्याची शंभर-दीडशे पिक्सेलची चकती दिसेल. मध्यावर ती गोल, मध्ये दुय्यम आरशाचं काळं भोक. आता तारा कोपऱ्यात न्या. चकती मांजराच्या डोळ्यासारखी निमुळती झाली तर तेवढा प्रकाश कापला जातोय. मध्यावरसुद्धा चकतीच्या एका बाजूचा लचका तोडल्यासारखा दिसत असेल तर फोकसरची ड्रॉट्यूब नळीच्या आत शिरून येणाऱ्या प्रकाशात लुडबुडते आहे. हे व्हिनेटिंगच्या जोडीला ताऱ्यांचे आकारही बिघडवतं, त्यामुळे त्याला फ्लॅटचा उपयोग नाही.

सर्वांत खात्रीची चाचणी दिवसा होते आणि तिला खर्च शून्य. कॅमेरा काढा, टी-रिंग दुर्बिणीवरच राहू द्या. कॅननच्या बॉडीत सेन्सर माउंटच्या 44 मिमी मागे असतो (निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये 46.5 मिमी). तेवढ्या लांबीची जाड कागदाची नळी करून टी-रिंगच्या मागे चिकटवा. तिच्या टोकाला काळं पुठ्ठं लावा, त्यावर मधोमध 22 × 15 मिमीचा आयत आखा आणि दोन-तीन मिमीची दोन भोकं पाडा: एक बरोबर मध्यावर, एक आयताच्या कोपऱ्यात. फोकस साधारण जिथे लागतो तिथे ड्रॉट्यूब ठेवा आणि दुर्बीण उजळ भिंतीकडे वळवा. सूर्य ज्या बाजूला आहे त्या बाजूला चुकूनही नको. या अवस्थेत डोळा थेट फोकसवर असतो. मधल्या भोकातून मुख्य आरशाची पूर्ण गोल कड दिसली पाहिजे. मग कोपऱ्यातल्या भोकातून बघा. आरशाची कड जिथे तुटते तिथे काय आडवं येतंय ते समोरच दिसतं: करेक्टरची कड, ड्रॉट्यूबचं तोंड, दुय्यम आरसा. तर्क लढवत बसायला नको.

थोडं गणित, खरेदीआधी

फोकसकडे येणारा प्रकाश शंकूसारखा निमुळता होत जातो. सेन्सरपासून एखादी रिंग किती अंतरावर आहे ते मोजा, त्या अंतराला एफ-आकड्याने भागा आणि त्यात सेन्सरचा कर्ण मिळवा. त्या रिंगचं आतलं भोक निदान एवढं हवं. (हिशोब किंचित सैल आहे, प्रत्यक्षात जरा कमीवर भागतं.)

टी-रिंगचं पुढचं तोंड सेन्सरपासून 55 मिमीवर असतं. आपल्या जोडणीत 55 भागिले 5 म्हणजे 11, अधिक 26.8, म्हणजे 37.8 मिमी. टी-रिंगचा 42 मिमी आट्यांचा सांधा आतून साधारण 38 मिमी मोकळा असतो. म्हणजे एपीएस-सी जेमतेम निभावतो. त्याच जागी फुल-फ्रेम कॅमेरा लावला तर 43.3 अधिक 11, म्हणजे 54 मिमी लागतील. 48 मिमी आट्यांची रुंद रिंग घेतली तरी कोपरे पडणारच. फुल-फ्रेम घेतल्याने व्हिनेटिंग 'आलं' असं लोक म्हणतात. ते आधीपासून होतंच, फक्त आधीच्या छोट्या सेन्सरच्या बाहेर पडत होतं.

सव्वा इंची नोजपीस बाहेरून 31.75 मिमी आणि आतून 27-28 मिमी असतं. सेन्सरपासून 60 मिमीवर आपल्याला जवळपास 39 मिमी हवेत, त्यामुळे कोपऱ्यात निम्म्याच्या आसपासच प्रकाश पोचतो. एपीएस-सी कॅमेरा सव्वा इंची नोजपीसमधून लावायचाच नाही. फोकसर दोन इंची असेल तर कॅमेरा करेक्टरमार्गे किंवा दोन इंची नोजपीसने जोडा. गुरू-शनीसाठीचे छोट्या सेन्सरचे कॅमेरे सव्वा इंचीत खुशाल चालतात.

फिल्टरलाही हाच नियम. सव्वा इंची फिल्टरची मोकळी काच 26-27 मिमी. एपीएस-सीसमोर तो अगदी 20 मिमीवर ठेवला तरी 31 मिमी हवेत. इथे दोन इंची फिल्टरचे पैसे मोजावेच लागतात. 16 मिमी कर्णाच्या चौरस सेन्सरचा कूल्ड (सेन्सर थंड ठेवणारा) कॅमेरा असेल तर 20 मिमीपुढे 16 अधिक 4, म्हणजे 20 मिमी पुरतात आणि सव्वा इंची फिल्टर आरामात चालतो. नवीन कॅमेरा घेताना फिल्टरचा खर्चही याच हिशोबात धरावा.

न्यूटोनियनचा दुय्यम आरसा बदलायचा मोह मात्र आवरा. आपल्या दुर्बिणीत तो 50 मिमीचा आणि फोकसपासून 200 मिमीवर आहे असं धरलं, तर शंभर टक्के उजळणारं वर्तुळ जेमतेम साडेतेरा मिमीचं येतं. ऐकायला वाईट वाटतं. पण त्या एकट्या आरशामुळे सेन्सरच्या टोकाला होणारी घट साधारण 12 टक्केच भरते. तेवढ्यासाठी मोठा दुय्यम आरसा लावून मध्यावरचाही प्रकाश अडवणं म्हणजे दुखण्यापेक्षा औषध जड.

आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन वापरणाऱ्यांसाठी एवढंच: मागच्या भोकाची नळी मुळात 38 मिमीच्या आसपासची, आणि 0.63 चा रेड्युसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग) लावला की आख्खं चित्र आणखी छोट्या वर्तुळात दाटतं. या रेड्युसरपासून सेन्सर 105 मिमीवर हवा. एखादा जादा स्पेसर घालून अंतर वाढवलं तर रिडक्शन वाढतं आणि कोपरे आणखी काळवंडतात.

कधी हात लावायचा, कधी सोडून द्यायचं

एक चांगला मास्टर फ्लॅट (अनेक फ्लॅटची सरासरी; ते कसे काढायचे ते खाली येतंच) सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मध्यावर छोटा चौकोन निवडून आकडेवारी बघा, मग कोपऱ्यात तेच करा. कोपरा मध्याच्या 70 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर हत्यारं खाली ठेवा; फ्लॅट ते निस्तरतो. 50 ते 70 च्या मधे असेल तर एखादी स्वस्त रिंग बदलून फरक पडतो का बघा. 50 च्या खाली गेला तर मात्र जोडणी सुधारा किंवा कोपरे क्रॉप करा. कारण फ्लॅट उजेड सारखा करतो, गेलेला प्रकाश परत आणत नाही. निम्म्या प्रकाशाचा कोपरा दुपटीने उजळला की तिथला दाणेदारपणा मध्याच्या तुलनेत 1.4 पट दिसतो, आणि तो मध्याइतका मऊ करायला एकूण एक्सपोजर दुप्पट लागेल.

फ्लॅट काढायची पद्धत

फ्लॅट म्हणजे त्याच दुर्बिणीतून, त्याच कॅमेऱ्याने, एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचा काढलेला फोटो. त्यात व्हिनेटिंग आणि धुळीचे डाग एवढंच उमटतं. फोटोला त्याने भागलं की दोन्ही जातात.

1. रात्री पहिला फोटो घेण्याआधीच कॅमेऱ्याच्या मेनूत जा. सेन्सरची आपोआप होणारी सफाई बंद करा. ती चालू राहिली तर कॅमेरा बंद-चालू करताना सेन्सर थरथरतो, धूळ जागा सोडते, आणि फ्लॅटमधला डाग एकीकडे, फोटोतला दुसरीकडे अशी गंमत होते. कडांचा उजेड सुधारणारं लेन्स करेक्शन आणि लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनही बंद. फोटो रॉमध्येच.

2. आकाशाचे फोटो संपले की काहीही हलवायचं नाही. कॅमेरा फिरवायचा नाही, फोकस तसाच, फिल्टर तोच, ड्यू शिल्ड जागेवर. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा असेल तर प्रत्येक फिल्टरचे फ्लॅट वेगळे.

3. दुर्बीण शक्य तितकी उभी करा आणि तोंडावर पांढरं सुती कापड ताणून बसवा. जुन्या धोतराचं स्वच्छ कापड दुहेरी करून रबरबँडने बांधलं की काम होतं. सुरकुती, शिवण किंवा काठ मधे येता कामा नये. त्यावर चित्रकारांचं एलईडी ट्रेसिंग पॅनल पालथं ठेवा. ए4 पॅनल 210 मिमी रुंद असतं, 150 मिमीच्या दुर्बिणीला पुरतं. 200 मिमीच्या आरशाला ए3 घ्या. पॅनल नसेल तर पूर्ण पांढऱ्या स्क्रीनचा टॅब्लेट छोट्या भिंगाच्या दुर्बिणीला चालतो.

4. आयएसओ आकाशाच्या फोटोंचाच ठेवा. कॅमेरा एव्ही मोडवर टाका. लेन्स नसल्यामुळे अ‍ॅपर्चरच्या जागी शून्य दिसतं, त्याची काळजी नको. एक फोटो घेऊन मागचा हिस्टोग्राम बघा. डोंगर मध्यापासून किंचित उजवीकडे हवा, उजव्या भिंतीला टेकलेला नको. लाल, हिरवा, निळा तिन्ही वेगवेगळे तपासा. 16-बिट आकडे देणाऱ्या कूल्ड कॅमेऱ्यात मधला आकडा 20,000 ते 30,000 ठेवा.

5. एक्सपोजर अर्धा ते तीन सेकंदांत बसवा. पॅनल फार उजळ असेल तर शटर वेगवान न करता मधे साध्या कागदाचे थर घाला. मंद केलेला एलईडी प्रत्यक्षात भराभर चालू-बंद होत असतो. 1/500 सेकंदाला त्याचे आडवे पट्टे फोटोत उमटतात, लांब एक्सपोजरमध्ये ते विरून जातात.

6. बारा फ्लॅट घ्या, पॅनल 180 अंशांत फिरवा, आणखी बारा घ्या. पॅनलची एक बाजू किंचित उजळ असेल तर सरासरीत ते बरंच विरतं.

7. शेवटी झाकण लावून बायस (कॅमेरा अंधारातही जो आकडा लिहितो तो टिपणारे फोटो): तोच आयएसओ, सर्वांत वेगवान शटर (1/4000), 50 फोटो. डीएसएलआरचे बायस वर्षभर पुन्हा वापरता येतात, म्हणून एकदा निवांत काढून ठेवावेत.

पॅनलऐवजी संध्याकाळचं आकाश वापरायचं असेल तर कापड तसंच ठेवून दुर्बीण माथ्यावर, किंचित पूर्वेकडे वळवा. हे सूर्यास्तानंतरच. आपल्या अक्षांशांवर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि अंधार भराभर पडतो, त्यामुळे उपयोगाची वेळ दहा-पंधरा मिनिटांचीच मिळते. एक्सपोजर दर दोन-तीन फोटोंनी वाढवावं लागतं. शिवाय कॅमेरा आणि फोकस तेव्हाच पक्का बसवून रात्रभर तसाच ठेवावा लागतो. नव्याने शिकताना पॅनल बरं.

न्यूटोनियनवाल्यांनी एक काळजी घ्यावीच. नळीची मागची बाजू बहुधा उघडी असते, मुख्य आरशाच्या कडेने प्रकाश आत शिरतो. संधिप्रकाशात किंवा खोलीतला दिवा चालू ठेवून फ्लॅट घेतले तर हा चोरटा उजेड सेन्सरवर पडतो आणि फ्लॅट खोटा होतो. मागे काळं कापड किंवा न्हाणीघरातली प्लास्टिकची शॉवर कॅप काळ्या कापडासकट चढवा. डीएसएलआरचं व्ह्यूफाइंडरही झाका. आकाशाचे फोटो घेतानाही हे झाकण राहू दिलं तर उत्तम. गच्चीवर शेजारच्या खिडकीचा दिवा त्याच वाटेने आत येतो.

डिसेंबर-जानेवारीत वांगणी किंवा भंडारदऱ्याला पहाटे दव पडतं. दवाने धुरकटलेल्या आरशावर घेतलेला फ्लॅट रात्री अकराच्या स्वच्छ आरशाला लागू पडत नाही. आरसा पुसू नका. ड्यू हीटर लावा, नाहीतर पॅनल घेऊन मध्यरात्रीच फ्लॅट उरका.

बायस न वजा केल्यास काय होतं

'फ्लॅट लावले पण फोटो आणखी बिघडला' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. कॅमेरा अंधारातही शून्य लिहीत नाही. प्रत्येक पिक्सेलमध्ये एक ठरलेला आकडा आधीच घातलेला असतो. कॅननच्या अनेक 14-बिट बॉडींमध्ये तो 2048 असतो. हा आकडा प्रकाशातून आलेला नाही, त्यामुळे त्यावर व्हिनेटिंगचा परिणाम होत नाही, आणि म्हणून तो भागाकारात जाता कामा नये.

समजा, आकाशाची पार्श्वभूमी मध्यावर 600 आणि 70 टक्के प्रकाशाच्या कोपऱ्यात 420. फाइलमध्ये आकडे दिसतील 2648 आणि 2468. बायस न काढता कोपऱ्याला 0.7 ने भागलं तर येतात 3526. मध्य 2648, कोपरा 3526: काळे कोपरे गेले आणि लख्ख पांढरे कोपरे आले. याला ओव्हरकरेक्शन म्हणतात. आधी 2048 वजा केले असते तर 420 भागिले 0.7, म्हणजे 600. बरोबर मध्याइतके.

उलट चूक फ्लॅटमध्ये होते. फ्लॅटचा खरा प्रकाश मध्यावर 6000, कोपऱ्यात 4200. बायससकट ते 8048 आणि 6248 दिसतात आणि गुणोत्तर 0.70 ऐवजी 0.78 निघतं. मग फोटोतले 420 भागून 541 च होतात आणि कोपरा दहा टक्के काळा उरतो.

म्हणजे कोपरे पांढरे झाले तर आकाशाच्या फोटोतून डार्क (झाकण लावून, आकाशाच्या फोटोंइतक्याच एक्सपोजरचा फोटो) किंवा बायस वजा झालेला नाही असा पहिला संशय घ्या. कोपरे काळेच राहिले तर फ्लॅटमधून बायस वजा झालेला नाही. डार्क, बायस, फ्लॅट सगळे एकाच आयएसओचे आहेत ना, हेही तेव्हाच तपासा.

काही कूल्ड कॅमेऱ्यांत, विशेषतः सोनीचा आयएमएक्स294 सेन्सर असलेल्यांत, अगदी छोट्या एक्सपोजरचे बायस आणि फ्लॅट भरवशाचे नसतात. तिथे फ्लॅट तीन-चार सेकंदांचा ठेवा आणि बायसऐवजी झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे, त्याच तापमानाचे आणि गेनचे (या कॅमेऱ्यांतला आयएसओ) डार्क-फ्लॅट घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये

सिरिल फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. एका फोल्डरमध्ये चार फोल्डर करा: लाइट्स (आकाशाचे फोटो), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. नावं इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि अनेकवचनी हवीत, नाहीतर स्क्रिप्ट त्यांना ओळखत नाही. रंगीत कॅमेऱ्याची तयार स्क्रिप्ट चालवली की फ्लॅटमधून बायस, फोटोतून डार्क, मग भागाकार, मग ताऱ्यांवर जुळवणी आणि स्टॅकिंग हा क्रम ती स्वतः पाळते. डीपस्कायस्टॅकर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रकारच्या फाइली त्या-त्या यादीतच टाका; फ्लॅट चुकून लाइटच्या यादीत गेला की स्टॅकमध्ये काय गोंधळ होतो ते सांगायला नको.

बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन यानंतर, स्ट्रेचच्या आधी, आणि वजाबाकीच्या पर्यायाने. आता उरलेला उजेडाचा उतार शहराच्या बाजूने येतोय की नाही ते पडताळा: कॅमेरा कसा धरला होता ते आठवा, उतार क्षितिजाकडे किंवा शहराकडे उजळ होत असेल तर तो दिव्यांचाच. चारी कोपऱ्यांत सारखा असेल तर फ्लॅटमध्ये खोट आहे, आणि वजाबाकीने ती झाकू नका. देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजा किंवा कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ अशाच झाकपाकीत पुसली जाते.

फ्लॅट खरा आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. पॅनलवर आणखी दोन कागद ठेवून, पहिल्यांपेक्षा निम्म्या उजेडाचे चार जादा फ्लॅट घ्या. ते लाइट फ्रेम समजून, बायस वजा करून, मास्टर फ्लॅटने भागा. निकाल सपाट राखाडी यायला हवा. कोपरे वर-खाली झाले तर बायसमध्ये किंवा चोरट्या उजेडात गडबड आहे, आणि ती आकाशाची रात्र वाया न घालवता सापडली.

फ्लॅट घेतलेच नसतील तर

कॅमेरा अजून दुर्बिणीवरून काढला नसेल तर दुसऱ्या दिवशी खोलीत पॅनल लावून घ्या, चालतात. काढला असेल तर पुन्हा तसाच बसवून व्हिनेटिंगपुरता फ्लॅट मिळतो, धुळीचे डाग जुळत नाहीत. तेही शक्य नसेल तर बायस वजा केलेल्या, न ताणलेल्या स्टॅकवर सिरिलच्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनमध्ये वजाबाकीऐवजी भागाकाराचा पर्याय निवडा. नमुना-चौकोन तेजोमेघावर किंवा दीर्घिकेवर पडले असतील तर हाताने काढून टाका. हा उपाय अंदाजाचाच: शहराच्या उजेडाचा उतारही त्यात व्हिनेटिंग समजून भागला जातो. अंधाऱ्या जागेहून आणलेल्या फोटोंना तो बऱ्यापैकी लागू पडतो, गच्चीवरच्यांना फारसा नाही.

धुळीचे डाग, म्हणजे त्या राखाडी मेदूवड्यांसारख्या चकत्या, फ्लॅटने निघतात. पण फारच झाले तर कुठली काच साफ करायची ते आधी मोजून ठरवा. चकतीचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा, पिक्सेलच्या आकाराने गुणा, मग एफ-आकड्याने गुणा. धूळ सेन्सरपासून तेवढ्या अंतरावर आहे. 4.3 मायक्रॉनच्या पिक्सेलवर 200 पिक्सेलची चकती म्हणजे 0.86 मिमी, गुणिले 5, म्हणजे सेन्सरपासून सव्वाचार मिमी. ही धूळ कॅमेऱ्याच्या आत आहे, करेक्टर पुसून काही होणार नाही. 2500 पिक्सेलची पुसट चकती असेल तर ती 54 मिमीवरची, म्हणजे करेक्टरच्या मागच्या काचेवरची. तिथे हातपंपाचा ब्लोअर दोनदा मारला की बहुधा पुरतं.